यीस्टनें ओळखून दिलेलें मानवी जनुक

मनुष्याचा देह आरंभीं अवघ्या एका पेशीचा असतो. मातेच्या उदरांत ती पेशी दुभंगते, एकीच्या दोन होतात, दोहोंच्या चार, चोहोंच्या आठ. आणि याच क्रमानें वाढत वाढत प्रौढ माणसाच्या शरीरांत सुमारें ३० लक्ष कोटि पेशी नांदूं लागतात. देहाची वाढ पुरी झाली म्हणजे हें काम थांबतें असें मात्र नाहीं. कातडी झिजते, रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवसांत आपलें आयुष्य संपवितात, आंतड्याचें अस्तर तर थोड्याच दिवसांत नवें होतें. ही झीज भरून काढण्यासाठीं आपल्या देहांत दर सेकंदाला लक्षावधि पेशींचें विभाजन चाललेलें असतें. श्रोते हें भाषण ऐकत असतांनाहि त्यांच्या शरीरांत हा व्यवहार बिनबोभाट चालला आहे.

मग सहजच प्रश्न उभा राहतो. कोणत्या पेशीनें केव्हां दुभंगावें हें ठरवितें कोण? हुकूम वेळेवर सुटला नाहीं तर जखम भरून येणार नाहीं. आणि हुकुमाची वाट न पाहतां पेशी आपल्या मनानें दुभंगूं लागल्या, तर त्याच रोगाला आपण कर्करोग म्हणतों. या हुकुमाच्या कामीं मुख्य असलेलें एक जनुक माणसाच्या दहाव्या गुणसूत्रावर आहे. जनुक म्हणजे डीएनए या द्रव्यांत लिहिलेली एक सूचना. तिच्या बरहुकूम पेशी एक प्रथिन घडविते आणि त्या प्रथिनाकडून आपलें काम करून घेते. प्रस्तुत जनुकाचें आजचें नांव सीडीके-१. पूर्वी त्याला सीडीसी-२ म्हणत. त्याचा इतिहास मोठा नवलाचा आहे. तें जनुक माणसाचें खरें. परंतु तें हातीं आलें तें माणसाच्या देहाची चिरफाड करून नव्हे. तें ओळखून दिलें पूर्व आफ्रिकेंतील एका मद्यांत प्रथम सांपडलेल्या यीस्टनें.

पेशी माणसाच्या दृष्टीस प्रथम पडली ती १६६५ सालीं. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञांनीं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तेव्हां त्यांना मधाच्या पोळ्यासारखीं बारीक घरें दिसलीं. ही घरें कोठून येतात हें मात्र बराच काळ कोणास ठाऊक नव्हतें. १८५५ सालीं जर्मन वैद्य रुडोल्फ व्हिर्खो यांनीं जोरानें प्रतिपादन केलें कीं प्रत्येक पेशी ही आधींच्या पेशीपासूनच जन्म घेते. पुढें १८८२ सालीं वाल्थर फ्लेमिंग यांनीं आपल्या ग्रंथांत पेशींना रंग देऊन पाहिलेला सर्व देखावा चित्रांसह मांडला. पेशी दुभंगण्याच्या वेळीं केंद्रकांत सूत्रें दिसूं लागतात, प्रत्येक सूत्र उभें चिरलें जातें, आणि दोन्ही कन्यापेशींना त्यांचा समसमान वांटा मिळतो. दोन भावांची वांटणीहि इतकी चोख होत नसेल!

परंतु हा झाला नाटकाचा शेवटचा अंक. पडद्यामागें आधीं काय चालतें, हें कळण्यास आणखी सत्तर वर्षें लागलीं. १९५१ ते १९५३ च्या सुमारास लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत आल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनीं बाकला या शेंगेच्या झाडाच्या कोवळ्या मुळ्यांना किरणोत्सर्गी फॉस्फरस दिला. तो नव्या डीएनएमध्यें शिरतो. त्यामुळें डीएनएची नक्कल केव्हां तयार होते हें त्यांना नेमकें टिपतां आलें. त्यांना असें आढळलें कीं पेशीच्या आयुष्याचे चार टप्पे असतात. प्रथम विश्रांतीसारखा भासणारा एक काळ, मग डीएनएची नक्कल, मग पुन्हां एक मध्यंतर, आणि शेवटीं प्रत्यक्ष विभाजन. रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणें हे टप्पे एकामागून एक येतात. त्यांचा क्रम उलटा होत नाहीं. यालाच पेशीचक्र असें नांव पडलें.

चक्र सांपडलें, पण रहाट फिरविणारा कोठें होता? १९७० सालीं पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनीं निरनिराळ्या टप्प्यांवरील मानवी पेशी एकमेकींत मिसळून एकजीव केल्या. पहिल्या टप्प्यांतील पेशीला नक्कल चालू असलेल्या पेशीची जोड मिळाली कीं तिच्याहि केंद्रकांत नकलेचें काम लवकर सुरू होई. आणि विभाजन चालू असलेल्या पेशीशीं कोणतीहि पेशी जोडली तरी तिचीं सूत्रें अवेळींच आंखडूं लागत. याचा अर्थ स्पष्ट होता. पेशीच्या रसांत एखादें द्रव्य असलें पाहिजे, आणि हुकूम सुटतो तो त्याच्याकरवीं. १९७१ सालीं योशिओ मासुई व क्लेमंट मार्कर्ट यांनीं बेडकाच्या पक्व झालेल्या अंड्यांतील रस सुईनें काढून अपक्व अंड्यांत घातला, तेव्हां तींहि अंडीं पक्व होऊं लागलीं. या अज्ञात द्रव्याला त्यांनीं नांव दिलें, पण तें आहे तरी काय हें पुढें सतरा वर्षें कोणालाहि उकललें नाहीं.

दरम्यान दुसऱ्याच वाटेनें चालणारीं माणसें या प्रश्नाकडे येत होतीं. अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत लीलंड हार्टवेल यांनीं पावाचें पीठ फुगविणारें यीस्ट हातीं घेतलें. या यीस्टच्या पेशीला कोंब फुटतो, तो वाढतो आणि शेवटीं सुटून निराळी पेशी होतो. त्यामुळें कोंब केवढा आहे हें पाहिलें कीं पेशी चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे हें डोळ्यांना कळतें. हार्टवेल यांनीं या यीस्टच्या जनुकांत बिघाड घडवून आणले, आणि त्यांतून अशा जाती निवडल्या कीं ज्या २३ अंश सेंटिग्रेडला नेहमीप्रमाणें वाढतात, पण ३६ अंशांवर नेल्या कीं सगळ्या पेशी एका ठराविक टप्प्यावर येऊन थबकतात. १९७० सालीं हें काम प्रसिद्ध झालें, आणि त्यांत ब्रायन रीड या पदवीहि न मिळालेल्या विद्यार्थ्याचा वांटा होता. थोड्याच वर्षांत पेशीचक्राशीं संबंध असलेल्या जनुकांची एक लांब यादी तयार झाली. त्यांतील सीडीसी-२८ हें जनुक सर्वांत विशेष ठरलें. कारण तें बिघडलें तर पेशी चक्राच्या उंबरठ्यावरच उभी राहते, आंत पाऊल टाकीत नाहीं.

या कथेंतील मुख्य पुरुष पॉल नर्स यांचा जन्म १९४९ सालीं इंग्लंडमध्यें झाला. त्यांचा विद्यार्थिदशेंतील वृत्तान्त पालकांनीं व शिक्षकांनीं मुद्दाम ऐकण्याजोगा आहे. फ्रेंच भाषेच्या शालेय परीक्षेंत ते सहा वेळां नापास झाले, आणि परकीय भाषेंत उत्तीर्ण झाल्यावांचून विद्यापीठाचें दार उघडत नव्हतें. म्हणून शाळा सुटल्यावर कांहीं काळ त्यांनीं बिअरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेंत साहाय्यकाचें काम केलें. पुढें बर्मिंगहॅम येथील विद्यापीठानें त्यांची शास्त्राची आवड ओळखून तो नियम बाजूस ठेवला व त्यांना प्रवेश दिला. त्या विद्यापीठानें नियमावर बोट ठेवलें असतें तर शास्त्राचें केवढें नुकसान झालें असतें, याचा हिशेब करणें कठीण आहे. गुणपत्रिका ही विद्यार्थ्याची एक बाजू दाखविते. सर्व बाजू दाखविते असें समजणें हा तिच्यावरहि अन्याय आहे.

एडिंबरा येथें मर्डॉक मिचिसन हे प्राध्यापक एका निराळ्याच यीस्टचा अभ्यास करीत असत. हें यीस्ट १८९३ सालीं पाउल लिंडनर यांनीं पूर्व आफ्रिकेंतील भरड धान्याच्या मद्यांतून वेगळें केलें होतें. म्हणून स्वाहिली भाषेंतील मद्यवाचक शब्दावरून त्याला ‘पोंबे’ हें नांव मिळालें. त्याला कोंब फुटत नाहीं. त्याची पेशी आंखूड कांडीसारखी असते. ती लांबीनें वाढते आणि पुरेशी लांब झाली म्हणजे मधोमध दुभंगते. १९७० नंतरच्या दशकांत नर्स मिचिसन यांच्याकडे गेले. बिघडल्यामुळें मुळींच न दुभंगणाऱ्या पेशी तर त्यांनीं शोधल्याच. परंतु त्यांना त्याहून महत्त्वाची गोष्ट सांपडली. कांहीं पेशी पुरेशा वाढण्याआधींच दुभंगत, आणि म्हणून आकारानें लहानच राहत. स्कॉटलंडच्या बोलींत इवल्याशा वस्तूला ‘वी’ म्हणतात. तेंच नांव त्यांनीं या पेशींना दिलें.

या इवल्या पेशींचें महत्त्व एका दृष्टान्तानें लक्षांत येईल. बैलगाडीचें चाक मोडलें तरी गाडी थांबते, कणा मोडला तरी थांबते, जूं तुटलें तरी थांबते. म्हणून गाडी थांबली एवढ्यावरून ती हांकतो कोण हें कळत नाहीं. पण गाडी नेहमीपेक्षां लवकर मुक्कामीं पोहोंचली, तर तिच्या वेगावर ज्याचा ताबा आहे अशाच कोणाचें तरी तें काम, हें निश्चित. तद्वतच ज्या जनुकांत बदल झाल्यानें पेशी वेळेपूर्वीं दुभंगते, तें जनुक चक्राच्या नुसत्या चालण्याशीं नव्हे, तर त्याच्या हांकण्याशीं संबंधित असलें पाहिजे.

नर्स यांनीं अशा सुमारें पन्नास इवल्या जाती गोळा केल्या. एक सोडून बाकी सर्वांचा दोष एकाच जनुकांत निघाला. उरलेल्या एकीची हकीकत त्यांनीं पुढें स्वतःच सांगितली आहे. त्या जातीच्या बशींत बुरशी शिरली होती. तिच्यांतून यीस्ट निवडून वेगळें करणें कंटाळवाणें होतें, आणि इतक्या जाती सारख्याच निघाल्यावर हीहि तशीच असणार, असें समजून त्यांनीं ती बशी केराच्या टोपलींत टाकली व घर गांठलें. पण घरीं मन स्वस्थ बसेना. ते सायकलवरून परत प्रयोगशाळेंत आले, टोपलींतून बशी काढली आणि बुरशी दूर करून ती जात जिवंत ठेविली. तिचा दोष तपासला तेव्हां तो निराळ्याच जनुकांत आढळला. आणि तें जनुक म्हणजे, बिघडलें असतां विभाजन बंद पाडणारें म्हणून आधींच माहीत झालेलें सीडीसी-२! एकाच जनुकाचा एक बदल चक्र थांबवितो, दुसरा तें वेळेआधीं फिरवितो. नर्स व पिएर थुरियो यांनीं हें १९८० सालीं प्रसिद्ध केलें. गाडीवान सांपडला होता.

पण हा गाडीवान एका यीस्टपुरताच होता कीं काय? १९८२ सालीं नर्स, डेव्हिड बीच आणि बार्बरा डुर्काझ यांनीं हार्टवेल यांच्या पावाच्या यीस्टमधील सीडीसी-२८ हें जनुक पोंबेच्या बिघडलेल्या पेशींत घातलें. त्या पेशी दुभंगूं लागल्या. दोन्ही यीस्टांना आपण एकाच नांवानें हांक मारीत असलों तरी त्यांचे वंश फार प्राचीन काळीं वेगळे झाले आहेत. तरीहि एकाचा गाडीवान दुसऱ्याची गाडी हांकूं शकला.

आतां जो प्रश्न पुढें आला तो विचारण्यासहि धैर्य लागत होतें. माणूस आणि यीस्ट यांचे पूर्वज एकमेकांपासून वेगळे होऊन अंदाजें शंभर कोटि वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. इतक्या अंतरानंतर माणसाच्या शरीरांत त्याच कामाचें, तेंच जनुक शिल्लक असेल काय? आणि असलेंच तर हजारों मानवी जनुकांच्या गर्दींत तें शोधावें कसें? लंडन येथील इंपीरियल कॅन्सर रिसर्च फंड या संस्थेंत नर्स यांच्या सहकारी मेलनी ली यांनीं जो मार्ग धरला तो सोपा होता, म्हणूनच धाडसाचा होता. त्यांनीं स्वतः शोध घेण्याऐवजीं तें काम यीस्टवरच सोंपविलें.

मानवी पेशींतील जनुकांच्या नकला घेऊन तयार केलेला एक संग्रह त्यांनीं मिळविला. सीडीसी-२ बिघडलेल्या यीस्टच्या असंख्य पेशी घेतल्या आणि त्या नकला त्यांवर सोडल्या. कोणत्या पेशींत कोणतें मानवी जनुक शिरलें याचा पत्ता नव्हता. मग उष्णता वाढविली. या उष्णतेंत त्या बिघडलेल्या पेशी दुभंगूं शकत नाहींत. त्या नुसत्या लांबच लांब वाढत राहतात आणि शेवटीं मरतात. परंतु एखाद्या पेशीला योगायोगानें नेमकें योग्य मानवी जनुक मिळालें असेल, तर तीच तेवढी दुभंगेल, तिची संतति वाढेल, आणि बशीवर तिचा ठिपका डोळ्यांना दिसेल. आणि तसेंच झालें! ठिपके दिसले. त्यांतील पेशींतून मानवी जनुक बाहेर काढून त्याची अक्षरें वाचण्यांत आलीं. त्यापासून होणारें प्रथिन २९७ अमिनो आम्लांच्या सांखळीचें होतें, आणि यीस्टच्या प्रथिनाशीं ताडून पाहतां शंभरांपैकीं सुमारें ६३ जागीं तींच आम्लें त्याच क्रमानें होतीं. १९८७ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत हा शोध प्रसिद्ध झाला. मद्याच्या घड्यांतील एका जीवानें माणसाचें जनुक हातीं धरून दाखविलें होतें, आणि त्याची साक्ष अशी कीं त्या जनुकानेंच त्याचा जीव वांचविला होता.

यानंतर तीन निरनिराळे ओढे एका ठिकाणीं मिळाले. १९८२ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या किनाऱ्यावरील वुड्स होल येथें टिमथी हंट यांनीं, अंगभर कांटे असलेल्या सी-अर्चिन या सागरी प्राण्याच्या अंड्यांत एक विलक्षण प्रथिन पाहिलें होतें. प्रत्येक विभाजनापूर्वीं तें सांठत जाई आणि विभाजनाच्या वेळीं एकाएकीं नाहींसें होई. चक्राप्रमाणें येणाऱ्या-जाणाऱ्या या प्रथिनाला त्यांनीं सायक्लिन हें नांव दिलें. इकडे अमेरिकेंत मॅनफ्रेड लोहका व जेम्स मॅलर यांनीं बेडकाच्या अंड्यांतील तें जुनें अज्ञात द्रव्य १९८८ सालीं शुद्ध स्वरूपांत मिळविलें. त्याचे दोन घटक निघाले. त्यांपैकीं एक होता सीडीसी-२ चेंच बेडकांतील रूप; दुसरा होता सायक्लिन. बेडूक, सी-अर्चिन आणि यीस्ट यांवर आपापल्या कोपऱ्यांत काम करणारे लोक इतकीं वर्षें एकाच वस्तूचा शोध घेत होते!

या जोडीचें काम कसें चालतें हें आतां चांगलें कळलें आहे. आपल्या जुन्या दरबारांत कागदावर शिक्कामोर्तब झाल्यावांचून हुकूम अमलांत येत नसे. सीडीके-१ चें प्रथिन अशाच शिक्केदाराचें काम करतें. दुसऱ्या प्रथिनांवर तें फॉस्फेटचा शिक्का उमटवितें, आणि शिक्का बसला कीं तीं प्रथिनें विभाजनाच्या कामास लागतात. केंद्रकाचें आवरण विरघळतें, सूत्रें आंखडतात, वांटणीची तयारी होते. मात्र हा शिक्केदार एकटा कांहींहि करूं शकत नाहीं; सायक्लिन शेजारीं येऊन बसेल तेव्हांच त्याचा हात चालतो. शिवाय ज्या इवल्या जातींची कथा वर सांगितली, त्यांतील बहुतेकींत बिघडलेलें ‘वी-१’ हें जनुक म्हणजे शिक्केदाराचा हात धरून ठेवणारा पहारेकरी होय. पेशीची वाढ पुरी होईपर्यंत तो हात सोडीत नाहीं. पहारेकरीच नाहींसा झाला म्हणून त्या पेशी वेळेआधीं दुभंगत. विभाजनाचें काम पुढें सरकलें म्हणजे सायक्लिन नष्ट केलें जातें, शिक्का बंद होतो, आणि चक्र पुन्हां पहिल्या टप्प्यावर येतें.

माणसाच्या शरीरांत या कुळांतील इतरहि जनुकें आढळलीं. त्यांना सीडीके-२, सीडीके-४, सीडीके-६ अशीं क्रमांकाचीं नांवें मिळालीं. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असें दिसून आलें कीं चक्राच्या कामांतील हीं इतर जनुकें काढून घेतलीं तरी गर्भाची वाढ बरीच पुढें जाते. पण सीडीके-१ काढून घेतलें तर ती अगदीं आरंभींच थांबते. घराण्यांत पुष्कळ मंडळी असली तरी ज्याच्यावांचून चूल पेटत नाहीं असा कर्ता एकच असतो, तशांतला हा प्रकार आहे.

२००१ सालचें वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना देण्यांत आलें. त्याहून मोठें फळ रुग्णांच्या पदरीं पडलें. कर्करोगांत चक्राचे पहारे ढिले पडतात, हें समजल्यावर त्या कुळांतील सीडीके-४ व सीडीके-६ यांचा हात धरणारीं औषधें तयार करण्यांत आलीं. त्यांपैकीं पाल्बोसायक्लिब या पहिल्या औषधाला २०१५ सालीं अमेरिकेंत स्तनाच्या एका प्रकारच्या वाढलेल्या कर्करोगासाठीं मान्यता मिळाली. हीं औषधें रोगाचें समूळ उच्चाटन करतात असें नव्हे. परंतु रोगाची वाढ रोखून धरून तीं कितीतरी स्त्रियांना अधिक काळ देतात. खुद्द सीडीके-१ वर मात्र घाला घालणें अवघड आहे. कारण रोगी पेशीप्रमाणें निरोगी पेशीलाहि त्याची तितकीच गरज असते. जें सर्वांना हवें, तें शत्रूपुरतें तोडतां येत नाहीं.

या इतिहासाकडे मागें वळून पाहतां एक गोष्ट मनांत ठसते. हूक यांच्या हातीं बूच होतें, हॉवर्ड आणि पेल्क यांच्या हातीं बाकल्याची मुळी, मासुई यांच्या हातीं बेडूक, हंट यांच्या हातीं सी-अर्चिन, आणि हार्टवेल व नर्स यांच्या हातीं यीस्ट. ‘याचा माणसाला उपयोग काय?’ असें त्या त्या वेळीं कोणी विचारलें असतें, तर यांच्यापैकीं बहुतेकांना समाधानकारक उत्तर देतां आलें नसतें. तरीहि त्यांना काम करूं देण्यांत आलें, विद्यापीठांनीं व संस्थांनीं त्यांस पोसलें, आणि कर्करोगानें गांजलेल्या माणसाला जें हवें होतें तें अखेर याच वाटेनें आलें. आपल्याकडेहि एखादा विद्यार्थी शेवाळ, कीटक किंवा बुरशी घेऊन तासन्‌तास बसलेला दिसला, तर त्याला फायद्याचा जाब विचारण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं हा इतिहास आठवावा.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. सर्व जीवमात्र एका कुळांतलें आहे, असें आपले साधुसंत भक्तीच्या मार्गानें सांगत आले. प्रयोगशाळेचा मार्ग निराळा. तेथें साक्षीपुराव्यावांचून कांहीं मान्य होत नाहीं. परंतु १९८७ सालीं लंडनच्या त्या बशींत मरणोन्मुख यीस्टला माणसाच्या जनुकानें जगविलें, तेव्हां त्या नात्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा मिळाला. शंभर कोटि वर्षांपूर्वीं वेगळ्या झालेल्या दोन शाखांना एकमेकींची खूण अजून पटते. माणसानें या नात्याचा अभिमान धरावा. त्यांत त्याला कमीपणा येण्यासारखें कांहींहि नाहीं.